चार्ज घेतल्याशिवाय नाही

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची पाण्याची मोटर बघणारा माणूस काम सोडून गेला. जाताना त्याने नव्या माणसाला एवढंच सांगितलं, की वर टाकी आहे आणि खाली मोटर आहे. मधला कुठला कॉक कुणाच्या घराचा, हे त्याच्याबरोबरच गावी गेलं. मग आमच्या मजल्यावर ठणठणाट आणि तळमजल्यावर पूर. सगळे जिन्यात उभे राहून एकमेकांवर खेकसत होते, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पण याचा चार्ज कुणी घेतला होता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो शब्द माझा नव्हताच. तो सुभेदारांचा होता, आणि तो आठवल्यावर दिवसभर तेच डोळ्यांसमोर राहिले.

नायब सुभेदार यशवंत कांबळे. कसबा बावड्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्या वेळी दुकानावरच्या दोन खोल्या मी भाड्याने देत असे. सुभेदार मूळचे बिद्रीकडच्या एका खेड्यातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलीच्या कॉलेजसाठी शहरात आले आणि माझ्या डोक्यावर राहायला लागले. पुढे नोकरी लागली त्या कारखान्याजवळ त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि खोल्या सोडल्या. पण ती काही वर्षं मला इतकी लख्ख आठवतात, की अजूनही वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की मला तेच वाटतात.

त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशा व्हायची. सुभेदार म्हटल्यावर माणसाला मिशी लागते, छाती लागते, आवाज लागतो. यांना मिशी नव्हती, उंची बेताची होती, आणि बोलणं इतकं हळू की माझ्या मशीनचा आवाज बंद करून ऐकावं लागे. आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की गाव त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतं. हलगी, गुलाल, चौकात फ्लेक्स. त्यांच्या गावच्या पोरांनी फ्लेक्सवर यांचा चेहरा कुठल्या तरी भलत्याच धिप्पाड धडावर बसवला होता आणि हातात भलीमोठी मशीनगन दिली होती. सुभेदारांनी जीप थांबवून तो फ्लेक्स नीट पाहिला आणि शेजारच्या सरपंचांना विचारलं, "ही गन कुणाच्या सहीनं बाहेर काढली?"

कारण त्यांची सगळी नोकरी भांडारात गेली होती. पांघरुणं, बूट, तंबू, स्टोव्ह, दोरखंड, हातमोजे. गल्लीतल्या पोरांनी लढाईच्या गोष्टी मागितल्या की ते पायमोज्यांच्या गोष्टी सांगायचे. पोरं हिरमुसली की म्हणायचे, "बर्फात जवानाच्या पायात कोरडा मोजा असला तर त्यो लढतोय. मोजा माझ्याकडं असायचा की." यात फुशारकी नसायची. दुधवाल्याने म्हैस किती देते ते सांगावं तसं ते सांगायचे.

आणि तो चार्ज. फौजेत एका भांडारपालाची बदली झाली आणि दुसरा आला, की जुना आणि नवा असे दोघं मिळून सगळं भांडार फिरतात. एकेक वस्तू जुना नव्याच्या हातात देतो, खोड्या सांगतो. हे कुलूप डावीकडे जरा उचलल्याशिवाय उघडत नाही, या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, अमुक साहेब मागतात एक आणि नेतात दोन. नवा माणूस "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत जुन्याला गाडीत बसता येत नाही. जन्मभर हे केल्यामुळे जगात कुठलंही काम एकाने सोडून दुसऱ्याने नुसतंच सुरू करावं, हे सुभेदारांच्या मनाला पटतच नसे. शेजारी लग्न झालं, की हे विचारणार, सासूनं सुनेला चुलीचा चार्ज दिला का. तालमीच्या गणपतीचा खजिनदार बदलला, की हे जुन्याला गाठून चौकशी करणार.

त्यांची बायको, सुजातावहिनी, मोठी मिश्कील बाई. एकदा त्या चार दिवस माहेरी निघाल्या, तर सुभेदार स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर उभे. चार्ज द्या म्हणाले. वहिनींची गाडी चुकायची वेळ आली, पण मिठापासून खलबत्त्यापर्यंत सगळं दाखवून झालं. कुठल्या बरणीचं झाकण फिरवायचं नाही, दूध कुठल्या पातेल्यात लागतं, सगळं. त्या परत आल्या तेव्हा उंबऱ्यात पाऊल ठेवायच्या आत सुभेदारांनी तसाच चार्ज परत दिला. फक्त कांदा-लसूण चटणीची बरणी निम्मी झाली होती. वहिनी खाली येऊन मला सांगत होत्या, "मी विचारलं, ही कुठं गेली? तर म्हणत्यात, वापरात खर्ची पडली." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

घरात हे सगळं हसण्यावारी जात होतं. नोकरी शोधायला बाहेर पडल्यावर मात्र अडायला लागलं.

पेन्शनवर घर चालत होतं, तशी अडचण नव्हती. पण चाळिशी ओलांडलेला माणूस, हात भरलेले असायची सवय, तो घरात बसून करणार काय. त्यांना काम हवं होतं आणि तेही भांडाराचं. त्यांचा बायोडाटा मीच टाइप केला. वर ठळक अक्षरांत 'माजी सैनिक' लिहिलं, कारण मला वाटलं त्याने वजन पडेल. वजन पडायचं, पण भलत्याच पारड्यात. जिथे जातील तिथे पहिल्या ओळीवरच साहेबांचा चेहरा खुलायचा. वा, फौजी माणूस, आम्हाला असाच हवा होता, गेटवर कुणीतरी खमक्या पाहिजेच आहे. दवाखाना असो, कॉलेज असो, मंगल कार्यालय असो, सगळ्यांना यांना गेटवरच ठेवायचं होतं. भांडार म्हटलं की म्हणायचे, त्याला आमच्याकडे माणूस आहे. सुभेदार शांतपणे ऐकून घ्यायचे, "शुक्रिया" म्हणायचे आणि बाहेर यायचे.

एकदा मात्र आतलं काम मिळालं. शहरातल्या एका साड्यांच्या दुकानाच्या गोदामावर माणूस हवा होता. सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत गेले. मालकाने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. यांनी हात मागे घेतला आणि चार्ज कोण देणार असं विचारलं. मालक म्हणाला, आधीचा माणूस भांडून गेला, फोन उचलत नाही, तुम्ही करा सुरू. सुभेदारांनी त्या माणसाचा पत्ता तेवढा विचारून घेतला. पेठ वडगाव. मालकाला वाटलं, चौकशी करत असतील. हे सरळ मोटरसायकल काढून वडगावला गेले, त्या माणसाच्या घरी चहा प्यायले, त्याची समजूत काढली आणि दुपारी त्याला मागे बसवून दुकानात हजर केला. ज्याला मालकाने गल्ल्यासमोर शिव्या घालून हाकलला होता, तो गिऱ्हाइकांच्या देखत पुन्हा दुकानात! पुढची बोलाचाली काय झाली असेल ती असो. संध्याकाळी सुभेदार माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि त्यांना खरोखरच कळत नव्हतं, की आपलं चुकलं कुठे.

"त्यो द्यायला तयार होता, मी घ्यायला तयार होतो," ते म्हणाले. "मालक मदीच का तापला?"

मी त्यांना समजावलं, की बाहेरच्या जगात माणूस गेला की गेला, मागे वळून बघायचं नसतं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं. मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. असा सरळ माणूस या बाजारात कुठे खपणार, ही काळजी त्या दिवसापासून मलाच लागली.

वर्ष उलटलं तसा माणूस सुकायला लागला. सकाळी ते गल्ली झाडायला लागले. माझ्या दुकानातले कागदाचे गठ्ठे तीनदा लावून झाले. दारावरची बेल वाजली की वहिनींच्या आधी हेच उठायचे, आणि दारात सिलिंडरवाला बघून पुन्हा बसायचे. म्हणून जवळच्याच एका नव्या वसाहतीत व्यवस्थापक हवा आहे असं कळल्यावर मी स्वतः तिथल्या अध्यक्षांशी बोलले. पंप, दिवे, जनरेटर, सामानाची खोली, सगळं बघायचं. सुभेदार गेले आणि तासाभरात परत आले. अध्यक्षांनी पद व्यवस्थापकाचं सांगितलं होतं, आणि टेबलावर ठेवली होती निळी टोपी, काठी आणि शिट्टी. बसायची जागा फाटकाजवळच्या केबिनमध्ये. यांनी तिन्ही वस्तू सरळ ओळीत लावून ठेवल्या आणि "शुक्रिया" म्हणाले.

त्या दिवशी माझा तोल गेला. मी शब्द टाकला होता. मी म्हटलं, सुभेदार, फौजेत रात्र रात्र पहारा केलात, तेव्हा कमीपणा वाटला नाही, मग आत्ताच का? सुभेदारकी अजून डोक्यातून उतरत नाही काय? वहिनी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने थांबवलं, पण तोवर बोलून झालं होतं.

सुभेदार रागावले नाहीत. बाकावर बसले आणि बोलायला लागले.

"ताई, माझा आज्जा गावाचा वेसकर. रातभर वेशीच्या दारात काठी घिऊन उभा. पाऊस असू दे, थंडी असू दे. सकाळी दारोदार भाकरी मागायची, ती बी लांबनं. गावाचं दार त्यानं राखायचं आन् गावात मातूर शिरायचं न्हाय. मग धम्म घेतला, तवा त्यानं ती काठी चुलीत घातली. आजीनं त्याच्यावर च्या केला आन् सगळ्या घरानं पिला."

मी मशीन बंद केलं.

"फौजेत पहाऱ्याची ड्युटी सगळ्यांस्नी लागती," ते म्हणाले. "हितं माझं नाव वाचलं, फौजी वाचलं, की मला एकट्यालाच लागती. आज्ज्यानं त्या कामाचा चार्ज कुणालाच दिलेला न्हाय. मी कसा घिऊ?"

वहिनींनी वरूनच विचारलं, चहा टाकू का. सुभेदार व्हय म्हणाले. आम्ही तिघांनी पायरीवर बसून चहा घेतला आणि पाऊसपाण्याचं बोललो. पण ते वर गेल्यावर मी मशीन चालू केलं आणि त्यांचा बायोडाटा नव्याने लिहायला घेतला. 'माजी सैनिक' उचलून अगदी तळाला नेलं. वर लिहिलं: भांडार व्यवस्थापक. बूट, तंबू, स्टोव्ह ही त्यांची भाषा काढून साठा, आवक, जावक, देखभाल अशी बाजाराची भाषा घातली. बंदुकीचा कुठे वासही ठेवला नाही. काम तेच, फक्त वाचणाऱ्याची नजर आधी भांडारावर पडावी. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःला दोन शब्द सुनावले.

त्याच कागदावर एका ओतकाम कारखान्यातून फोन आला. मालक अभिजित, तिशीतला, वडिलांच्या मागे नुकताच कारभार बघायला लागलेला. त्याच्याकडे भांडार होतं आणि भांडारात चौगुले होते. शेतकरी घरातला तापट म्हातारा, थोरल्या मालकांच्या वेळेपासून तिथेच. कुठलं बेअरिंग कुठल्या फळीवर, कुठल्या साच्याची जोडी कुठे, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी जायला तयार नाहीत, आणि हाताखाली आलेला प्रत्येक पोरगा आठवड्यात पळून जायचा, कारण चौगुले एक सांगायचे आणि दोन लपवायचे. अभिजित वैतागला होता. त्याने सुभेदारांना सांगितलं, चौगुल्यांचा हिशोब करून त्यांना मोकळं करतो, तुम्ही सोमवारी या आणि तुमच्या पद्धतीने लावून घ्या.

मी वर देवाला हात जोडले, की आता तरी या माणसाने चार्जबद्दल काही बोलू नये. सुभेदार बोललेच. चार्ज घेतल्याशिवाय किल्ली धरणार नाही, आणि तोवर चौगुल्यांना काढायचं नाही. बाकी कुणी मालक असता तर दार दाखवलं असतं. पण अभिजितची गरज मोठी होती. तो म्हणाला, करून बघा.

सुभेदार भांडारात जाऊन उभे राहिले. ज्याच्याकडून चार्ज घ्यायचा, त्याने सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही, ही त्यांची रीत. चौगुले बसा म्हणाले नाहीत. हे दिवसभर उभे. दुसऱ्या दिवशीही उभे. घरी येऊन पाय मिठाच्या पाण्यात घालायचे. मी म्हटलं, अहो, दोघंही सारखेच हट्टी, कशाला हा जाच? ते म्हणाले, आत उभं ऱ्हायला काय हुतंय. तिसऱ्या दिवशी चौगुले वैतागून म्हणाले, "बसा की पावणं. भिताडाला टेकू लावल्यागत काय उभं ऱ्हायलायसा?"

तिथून सुरुवात झाली. सुभेदार त्यांना वस्ताद म्हणायला लागले. रोज एक मांडणी. वस्ताद वस्तू हातात देणार, तिची खोड सांगणार, हे ती खोड मान डोलवत ऐकणार. संध्याकाळी घरी आले की आम्हाला त्या मांडणीची गोष्ट. आमचा कारखान्याशी काही संबंध नव्हता, पण चौगुल्यांनी पावसात भट्टीचा पंखा कुठल्या खटपटीने वाचवला, ते वहिनी आणि मी अगदी रंगून ऐकायचो. सुभेदारांच्या अंगावर पुन्हा मांस दिसायला लागलं.

शेवटच्या मांडणीपाशी चौगुले अडले. आज नको, उद्या बघू, असं रोज चाललं. अभिजितचा धीर सुटत आला. त्याने सुभेदारांना बजावलं, की या महिन्यात झालं तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. पुन्हा घरी बसले तर हे उठायचे नाहीत, असं वहिनी मला म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं. वडगावची कथा पुन्हा होते की काय, या धास्तीने मी रोज त्यांच्या मोटरसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसायची.

पुढचं मला सुभेदारांनीच सांगितलं. दुपारच्या जेवणाला दोघंच होते. चौगुल्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि म्हणाले, "सगळं तुला दिऊन टाकलं, तर म्या घरला काय घिऊन जाऊ?"

"मोकळं हात घिऊन जावा की, वस्ताद," सुभेदार म्हणाले. "आमच्याकडं मोकळ्या हाताचा माणूस ताठ जातोय. लोकं त्याला वढत भाईर न्हेत्यात."

चौगुल्यांना ते कळलं नाही, म्हणून सुभेदारांनी समजावून सांगितलं. पलटणीतला मोठा साहेब चार्ज देऊन जातो, तेव्हा त्याच्या जीपला दोर बांधतात आणि सगळे जवान ती ओढत फाटकाबाहेर नेतात. इंजिन चालू करायचं नाही. चौगुल्यांनी भाकरी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, माझ्याकडं जीप न्हाय, मोपेड हाय. सुभेदार म्हणाले, चालतंय.

त्या शनिवारी मी तिथे होते, कारण चौगुल्यांचं मानपत्र मी छापलं होतं आणि ते वेळेवर पोचवायचं होतं. भांडाराच्या दारात चौगुल्यांनी किल्ल्यांचा जुडगा सुभेदारांच्या हातात ठेवला. सुभेदार म्हणाले, चार्ज घेतला. नंतर कारखान्याच्या खर्चाने सगळ्यांचं एकत्र जेवण झालं, तांबडा-पांढरा रस्सा झाला, अभिजित दोन शब्द बोलायला उभा राहिला, जेमतेम चार बोलला आणि डोळे पुसायला लागला. मग पोरांनी ती जुनाट मोपेड आणली. तिला हार घातला होता. हँडलखाली जाड दोर बांधले. चौगुले फेटा बांधून तिच्यावर बसले, दोन्ही हातांनी हँडल धरून. भट्टीवरचे, साच्यावरचे, ऑफिसातल्या मुली, सगळ्यांनी दोर धरले. सुरुवातीला हसणं चाललं होतं. मोपेड हलली तसं ते थांबलं.

सगळी मिरवणूक फाटकापाशी आली आणि अडली. फाटक बंद होतं. वॉचमननेही दोर धरला होता, त्यामुळे तिथे कुणीच नव्हतं. तो बिचारा दोर सोडून धावायला निघाला.

"तू सोडू नको," सुभेदार त्याला म्हणाले.

मग त्यांनी मागे वळून बघितलं. अभिजित हात बांधून कडेने चालत येत होता. सुभेदार नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "सायेब, फाटक तेवढं."

अभिजित क्षणभर थांबला. मग पुढे आला आणि त्याने ते लोखंडी फाटक धरलं. ते जड होतं, एका चाकावर अडकत होतं. त्याने खांदा लावला, कुरकुरत ते सरकलं, आणि सगळे दोर ताणले गेले. चौगुले ताठ बसून बाहेर गेले. सुभेदार पहिल्या दोरावर होते, दोर खांद्यावर घेतलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ते हसत होते. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. माझ्यासमोरून गेले तरी मी त्यांना दिसले नाही. रस्त्यावर चौगुल्यांनी मोपेड चालू केली, वळून एकदा हात केला आणि निघून गेले.

माणसं दोर गुंडाळत, बोलत परत फिरली. सुभेदार सगळ्यांत मागे होते. अभिजित अजून फाटक धरूनच उभा होता. सुभेदार त्याला "शुक्रिया सायेब" म्हणाले आणि आत गेले.